दहा वेळा छापा

बारावीनंतर लॉगॅरिथमशी माझा संबंध कायमचा सुटला, अशी माझी समजूत होती. मराठीच्या प्राध्यापकाला वृत्तातल्या मात्रा मोजता आल्या की त्याचे गणित संपले! पण गेल्या भाऊबीजेला अमरावतीहून अकोल्याला ताईकडे गेलो आणि संख्याशास्त्र शिकणाऱ्या धाकट्या भाच्याने मला चकलीच्या ताटावरच गाठले. माणसाची जनुके कुठे बसली आहेत, हे हिशेबाने हुडकण्याची विद्या तो सध्या शिकतो आहे.

"मामा, एक रुपया काढा."

ओवाळणीसाठी सुटे होतेच. चौथ्याच फेकीला काटा पडला.

"लागोपाठ दहा वेळा छापा पडायची शक्यता १,०२४ मध्ये एक," तो म्हणाला. "लांब बसलेली दोन जनुके मुलात एकत्र येणे म्हणजे हे नाणे. पण दहा मुलांत दहाही वेळा ती जोडीने आली, तर ती शेजारी असणार." हजारास एक ही वेस न्यूटन मॉर्टनने १९५५ साली आखली. हजाराचा लॉगॅरिथम तीन.

"दहा लेकरं आता कोनाले होतात?" स्वयंपाकघरातून ताई.

तिथेच लॉगॅरिथम कामी येतो म्हणे. घराघरांतले छोटे आकडे नुसते बेरजेने जोडता येतात. हॉल्डेन आणि ज्युलिया बेल यांनी १९३७ मध्ये रक्त न गोठण्याचा विकार आणि रंगांधळेपणा शेजारी असल्याचे असेच घराण्यांवरून दाखवले. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. आम्हां साहित्यवाल्यांना याचा पत्ताच नाही.

"पण तू हे का शिकतोस?" मी विचारले.

त्याने आतल्या खोलीकडे पाहिले. थोरल्याला सिकलसेल आहे. विदर्भात हे दुखणे नवे नाही; थंडी पडली की त्याचे सांधे ठणकतात. त्याचे जनुक अकराव्या क्रोमोझोमवर आहे, हे कधीचेच ठाऊक आहे. पण एकाला हा आजार जाळतो आणि दुसऱ्याला सौम्य जातो, हे का? त्याचा एक धागा २००७ साली दुसऱ्या क्रोमोझोमवर सापडला. गर्भातले हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद करणारे जनुक तिथे आहे. ते ढिले पडले की रोग्याला आराम.

मला मात्र बावीस वर्षांपूर्वीचे आठवले. धाकटा पोटात होता. डॉक्टर ताईला "चारात एक" म्हणाले होते. मी नुकताच एम्. ए. झालेला, मोठ्या रुबाबात म्हणालो, "एकाची पाळी झाली ताई, आता तिघे सुखरूप."

हे मी भाच्याला सांगितले. तो हसला नाही.

"नाण्याला मागचं आठवत नाही, मामा. दर खेपेला चारात एकच."

धाकटा नुसता वाहक निघाला, ते नशीब.

"तुह्याच बोलन्यावर म्या भरोसा ठेवला होता रे," ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून मान वर करवेना.

एवढ्यात थोरला शाल गुंडाळून बाहेर आला. त्याने ताटातली चकली उचलली आणि माझा रुपया खिशात टाकला.