तिकिटावरचा बर्फ

डिसेंबर लागला की आदिलाबादेत दिवस मावळताच शेकोट्या पेटतात. तेलंगणातल्या कडाक्याच्या थंडीची बातमी बहुधा आपल्याच जिल्ह्यातून निघते, तेव्हा थंडीचं आम्हाला अप्रूप नाही. बर्फ मात्र आमच्या घरी एकदाच आला, तोही टपालाने.

१९७४ च्या डिसेंबरात काकांचं ह्यूस्टनहून पत्र आलं. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण ते पाकीट मी लहानपणी कितीदा तरी पाहिलं. अज्जी ते देव्हाऱ्याच्या खणात ठेवायची. त्यावर नाताळची दहा सेंटची तीन तिकिटं होती. तिन्हींवर एकच चित्र: पांढराशुभ्र रस्ता आणि बर्फावरून घसरत जाणारी, चाकं नसलेली घोडागाडी. गाडीत अंगभर पांघरुणं घेतलेलं जोडपं. तीन तिकिटं शेजारी लावल्यामुळे तीन गाड्या एकामागून एक निघाल्यासारख्या वाटायच्या. लग्नाच्या वऱ्हाडासारख्या!

पुढे महाविद्यालयात शिकवायला लागल्यावर या चित्राचं मूळ शोधलं. अमेरिकेच्या टपाल खात्याने ते २३ ऑक्टोबर १९७४ रोजी काढलं, पण चित्र १८५३ सालचं. न्यूयॉर्कच्या नथॅनिएल करियर यांच्या छापखान्याचं. शिळाछाप काळ्या शाईत निघायचा आणि रंग हाताने भरले जायचे. बायका ओळीने बसत, प्रत्येकीकडे एकच रंग. निळा झाला की पुढची तांबडा भरणार. आपल्याकडे राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर आल्या. तिकडे करियरच्या छापखान्याने असंच घरोघरी हिवाळा पोचवला. गाडीतलं जोडपं म्हणजे स्वतः करियर आणि त्यांची पत्नी, असं म्हणतात.

अज्जीला हे कुणी सांगितलं नव्हतं. पाकीट हातात पडताच तिचा पहिला प्रश्न, "ईकी यार?" पोरानं तिकडेच गोरी बायको केली आणि फोटो पाठवला, असं तिला वाटलं. तिची समजूत काढता काढता बाबांना घाम फुटला म्हणे.

अज्जी भालकीकडची. लग्न होऊन इकडे आली, मराठी बोलायला शिकली, पण वाचता येत नव्हतं आणि मनातलं सगळं कन्नडात. टपालाला ती अंचे म्हणायची, दारावर हाक यायची ती तेलुगूतल्या तपालाची. थंडीचं मात्र बरं होतं, तिची चळी आणि शेजारणीची चलि एकच. काकांचं मराठी पत्र बाबा तिला सरळ कन्नडातून वाचून दाखवत.

पाकीट दाखवताना अज्जी मला दर वेळी तेच सांगायची. "त्या वर्षी तुझा काका येणार होता. पण बघ, केवढा बर्फ. वाटच बंद झाली." मग तिकिटावरून बोट फिरवून म्हणायची, "एष्टु चळी इरबेकु!" केवढी थंडी असेल! मीही मान डोलवायचो.

परवा माळ्यावरची ट्रंक उतरवली. त्यात ते पाकीट होतं आणि आतलं पत्रही. ते मी आजवर कधी वाचलंच नव्हतं. तिकिटांच्या नादात आतल्या कागदाकडे कोण बघतो! 'ती. दादास, सा. न. वि. वि.' म्हणून सुरुवात. पुढे काकांनी लिहिलं होतं की इथे थंडी नावालाच, आज तर खिडक्या उघड्या टाकून बसलोय. यंदाही येणं जमत नाही. ग्रीन कार्डाचे कागद अडकलेत, आणि खरं सांगायचं तर आता लगेच यावंसंही वाटत नाही. आईला तू तुझ्या पद्धतीने सांग.

बाबांनी आपल्या पद्धतीने सांगितलं होतं. पाकिटावर तयार बर्फ होताच.

मी त्या ओळी दोनदा वाचल्या. ह्यूस्टन समुद्राजवळचं, तिथे बर्फ क्वचितच पडतो, हे भूगोलाच्या पुस्तकात होतंच की. मला कधी सुचलं नाही, एवढंच. बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली, विचारणार कुणाला? पत्र घेऊन आईकडे गेलो. ती तुरीच्या शेंगा सोलत होती.

"अज्जीला हे कधी कळलंच नाही?" मी विचारलं.

आई म्हणाली, "काका पहिल्यांदा आले ते १९७९ च्या मे महिन्यात. ऊन मी म्हणत होतं. जेवायला सगळे ओसरीवर बसले होते. अज्जीनं त्यांच्या पानात पोळी वाढली आणि बघितलं मात्र तुझ्या बाबांकडे. म्हणाली, 'बर्फ करगितेनो?'"

विरघळला का रे बर्फ?

"मग बाबा काय म्हणाले?"

"काय म्हणणार? पाणी आणतो म्हणून उठले. तांब्या भरलेलाच होता."