बाराही महिने राबणारा छोटा ट्रॅक्टर

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातलं साउथ बेंड हे शहर मिशिगन सरोवरापासून जवळ आहे. हिवाळ्यात सरोवरावरून ओलावा घेऊन येणारे वारे तिथे दरवर्षी सरासरी साठ इंचांहून अधिक बर्फ टाकून जातात, आणि बर्फ सरतो न सरतो तोच गवत माजायला लागतं. याच गावात १९४६ मध्ये पाँड पितापुत्रांनी छोट्या ट्रॅक्टरांचा धंदा सुरू केला. पुढे ‘व्हील हॉर्स’ या नावाने तो गाजला. कंपनी १९७४ मध्ये अमेरिकन मोटर्सकडे गेली, १९८६ मध्ये टोरोने ती घेतली, कालांतराने नावही बंद झालं. पण त्या कारखान्यातून पन्नास-साठ वर्षांपूर्वी बाहेर पडलेले लाल ट्रॅक्टर अजून कामावर आहेत. एप्रिलमध्ये ते भाजीचे वाफे नांगरतात, जुलैत गवत कापतात, पानगळीत पानांची गाडी ओढतात आणि जानेवारीत दारासमोरचा बर्फ हटवतात.

हे केवळ एका कंपनीचं कौतुक नव्हे. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ मध्ये केंटकीतल्या लुइव्हिल इथून ‘कब कॅडेट’ आणला. जॉन डिअरने १९६३ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या होरिकॉनच्या कारखान्यात ‘११०’ हे मॉडेल बनवलं. यांतल्या बहुतेकांच्या बॉनेटखाली असायचं कोहलरचं बिडाच्या सिलिंडरचं ‘के’ मालिकेतलं इंजिन. नळ आणि बेसिनमुळे आपल्याकडे ओळखली जाणारी कोहलर ती हीच. सात-आठ अश्वशक्तीपासून सोळापर्यंतची ही एका सिलिंडरची इंजिनं हवेवर थंड होत. सिलिंडर झिजलं, तर रिबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवायचा, आणि इंजिन पुन्हा पुढची कैक वर्षं चालायला तयार.

महाराष्ट्राशीही या घराण्याचं नातं आहे. कब कॅडेट बाजारात आल्यावर दोनच वर्षांनी, १९६३ मध्ये, इंटरनॅशनल हार्वेस्टरने महिंद्र अँड महिंद्र आणि व्होल्टासबरोबर भारतात ट्रॅक्टर कंपनी काढली आणि मुंबईच्या कांदिवलीत ‘बी-२७५’ तयार होऊ लागला. तो शेतातला मोठा ट्रॅक्टर, गवत कापणारा नव्हे. पण गावातल्या मिस्त्रीला उघडता येईल असं यंत्र बनवायचं, हा विचार दोन्हींत एकच होता.

आज मोठ्या दुकानांत मिळणारे गवत कापायचे ट्रॅक्टर दिसायला तसेच असतात. त्यांचा सांगाडा मात्र पातळ पत्रा दाबून केलेला असतो आणि मागची गिअरपेटी हलकी असते. नांगराला जमिनीतला दगड अडला, तर ती टिकत नाही. जुन्या गार्डन ट्रॅक्टरची मागची पेटी बिडाची, चौकट जाड पोलादाची. म्हणूनच त्याला दहा इंची नांगर लावता येतो, रोटाव्हेटर लावता येतो, पुढे बर्फ लोटायचं पातं किंवा स्नो ब्लोअर जोडता येतो. अवजार बदललं की तेच इंजिन दुसऱ्या ऋतूच्या कामाला लागतं.

आणि हीच त्याच्या दीर्घायुष्याची गुरुकिल्ली आहे. जुनी यंत्रं जमवणाऱ्यांत एक वर्ग असा आहे, जो ती चकचकीत रंगवून प्रदर्शनात मांडतो आणि उरलेलं वर्ष ताडपत्रीखाली ठेवतो. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण ट्रॅक्टरचं त्यात भलं होत नाही. उभ्या यंत्रात पेट्रोल शिळं होऊन कार्बोरेटरची बारीक भोकं चिकटतात. अमेरिकेत पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, जुने रबरी पाइप खराब करतं. (भारतात हे प्रमाण आता वीस टक्क्यांवर आलं आहे. घरात जुनी स्कूटर जपणाऱ्यांनी याची दखल घ्यायला हवी.) वंगण पोहोचत नसल्याने सील कोरडे पडतात, बॅटरी मरते. उंदीर तर नेमके इंजिनाच्या पत्र्याच्या आवरणाखाली, हवा खेळणाऱ्या पाकळ्यांवर घरटं बांधतात. कुणी ते न बघता भर उन्हाळ्यात ट्रॅक्टर चालू केला, की इंजिन तापून निकामी व्हायला वेळ लागत नाही. आवरण वर्षातून एकदा उतरवून पाकळ्या साफ करणं हा फार तर तासाभराचा उद्योग. महागडं पॉलिश राहू द्या, पण हे काम चुकवू नये.

बाकीची देखभालही घरच्या घरी होणारी आहे. ज्याने राजदूत किंवा लॅम्ब्रेटाचे पॉइंट साफ केले आहेत, त्याला कोहलरचं इग्निशन अनोळखी वाटणार नाही. तेच पॉइंट, तोच कंडेन्सर, फीलर गेजने गॅप ०.०२० इंच म्हणजे अर्धा मिलिमीटर ठेवायची. कोहलरच्या या इंजिनांना तेलाचा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या तळाचा दांडा फिरता फिरता तेल उडवतो, त्यावरच सगळं वंगण अवलंबून. म्हणून पातळी रोज पाहायची. उतारावर जास्त वेळ चालवताना तर दुप्पट काळजी घ्यायची. उन्हाळ्यात एसएई ३० तेल, थंडीत १०डब्ल्यू-३० किंवा त्याहून पातळ, कारण घट्ट झालेलं तेल नीट उडतच नाही. कब कॅडेटच्या मागच्या पेटीतलं तेल दुधट दिसलं, तर पाणी शिरलं असं समजून ते बदलायचं. कापणीच्या डेकखाली साचलेलं ओलं गवत पत्रा आतून गंजवतं. ते दर वेळी खरवडून काढणाऱ्याचा डेक नातवापर्यंत पोहोचतो.

खरी परीक्षा असते ती बर्फात. हलक्या ट्रॅक्टरची मागची चाकं जागच्या जागी फिरतात, म्हणून तीन गोष्टी करतात. चाकांना बिडाची वजनं लावतात, टायरला साखळ्या घालतात आणि टायरमध्ये द्रव भरतात. पूर्वी त्यासाठी कॅल्शियम क्लोराइडचं पाणी वापरत. ते गोठत नाही, पण गळती झाली की रिम गंजवून टाकतं. आता बरेच जण बीटाच्या रसापासून बनवलेला द्रव भरतात. साखर काढून उरलेल्या बीटाचा हा माल पाण्यापेक्षा सुमारे तीस टक्के जड असतो, उणे ३५ अंश सेल्सिअसच्या आसपासही गोठत नाही आणि लोखंडाला त्रास देत नाही. मळीचे नाना उपयोग माहीत असलेल्या कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला ही युक्ती नक्की आवडेल. स्नो ब्लोअरच्या नळीला आतून मेण लावलं की ओला बर्फ अडकत नाही.

अडकलाच, तर इंजिन बंद करून, फिरणारे भाग पूर्ण थांबल्यावर काठीनेच काढायचा. जुन्या यंत्रांचा मोठा दोष इथे मान्य केला पाहिजे. चालक उठला की इंजिन बंद करणारा सीटखालचा स्विच त्यांतल्या अनेकांत नाही, अवजाराला ताकद पोहोचवणाऱ्या फिरत्या भागावर (पीटीओ) पुरेसं झाकण नाही, धूरही जास्त. स्विच आणि झाकण नंतर बसवता येतं. ते न बसवता ‘जुनं ते अस्सल’ म्हणत मुलांना गवत कापायला बसवणं हा शुद्ध निष्काळजीपणा आहे.

हे सगळं शक्य होतं, कारण या ट्रॅक्टरात मालकापासून काही लपवलेलं नाही. आताच्या मोठ्या ट्रॅक्टरांची गोष्ट वेगळी. बिघाड शोधायला कंपनीचंच सॉफ्टवेअर लागतं, म्हणून अमेरिकी शेतकऱ्यांनी दुरुस्तीच्या हक्कासाठी आवाज उठवला. कोलोराडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांसाठी तसा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डिअरला याच मुद्द्यावर न्यायालयात खेचलं. ‘११०’सारखा सोपा ट्रॅक्टर ज्या कंपनीने दिला, तिच्यावरच दुरुस्ती अडवल्याचा आरोप व्हावा, हे फार क्लेशदायक आहे.

हीच कंपनी पुण्याजवळ सणसवाडीत ट्रॅक्टर बनवते, त्यामुळे प्रश्न आपल्याही दाराशी आला आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारं आहेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू झालं. पण पोर्टलवर माहिती टाकणं कंपनीच्या मर्जीवर सोडून भागणार नाही. ट्रॅक्टरबरोबर मराठीतलं संपूर्ण दुरुस्ती-पुस्तक द्यावं, मॉडेल बंद झाल्यावरही ठरावीक वर्षं सुटे भाग मिळावेत आणि बिघाड वाचणारं उपकरण तालुक्याच्या मिस्त्रीला वाजवी दरात विकत घेता यावं, एवढं तरी कायद्यात लिहिलं गेलंच पाहिजे.