आधी गावाचा तलाव आटला

मे महिना संपत आला की अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांत जमिनीवर उभारायच्या स्विमिंग पूलची खोकी रचलेली दिसतात. 15 किंवा 18 फुटी गोल तलाव, सोबत पंप, फिल्टर आणि शिडी. लहान तलाव शनिवारी सकाळी उभारायला घेतला तर संध्याकाळी त्यात पाण्याची नळी सोडता येते. जमीन खोदून बांधलेल्या तलावाला हजारो डॉलर मोजावे लागतात, बँकेचं कर्ज काढावं लागतं. हा मात्र काही शेकड्यांत मिळतो. पत्र्याच्या पक्क्या भिंतीचा घेतला तर काही हजारांत. पोरांना पाणी मिळावं ही त्यामागची इच्छा अगदी रास्त आहे. पण हे पाणी प्रत्येकाला आपापल्या कुंपणाआड का साठवावं लागलं, हा इतिहास विकत घेणाऱ्याला माहीत असायला हवा.

कारण पूर्वी तसं नव्हतं. 1936 च्या एकाच उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहराने 11 भव्य सार्वजनिक तलाव उघडले. मंदीचा काळ, हाताला काम नाही. केंद्र सरकारच्या रोजगार योजनेच्या पैशातून ते बांधले गेले. क्वीन्समधल्या अस्टोरिया तलावावर त्याच वर्षी ऑलिंपिकची निवड चाचणी झाली. देशभर गावोगावी असे तलाव झाले. कामगाराचं पोर आणि वकिलाचं पोर एकाच पाण्यात डुंबत होतं, फक्त दोघंही गोरे असले तर. बऱ्याच ठिकाणी काळ्यांना बंदी होती, किंवा त्यांच्यासाठी वेगळा, लहान तलाव.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही बंदी उठू लागली आणि खरं रूप दिसलं. 21 जून 1949 रोजी सेंट लुईसच्या फेअरग्राउंड पार्कमधला तलाव सर्वांना खुला झाला. तिसेक काळी मुलं पाण्यात उतरली. संध्याकाळपर्यंत बाहेर हजारोंचा जमाव जमला आणि दिसेल त्या काळ्या माणसाला मारहाण सुरू झाली. शहराने बंदी पुन्हा लागू केली. पुढच्या वर्षी न्यायालयाने तलाव सर्वांसाठी पुन्हा उघडायला लावला, तेव्हा गोऱ्यांनी पाठ फिरवली. 1956 मध्ये तो बंदच झाला. माँटगोमेरी शहराने 1959 मध्ये सगळ्या बागांना टाळं लावलं आणि ओक पार्कचा तलाव मातीने बुजवला. पुढे बाग उघडली, तलाव उघडला नाही. जून 1964 मध्ये फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिन इथे काळे आणि गोरे कार्यकर्ते एका मोटेलच्या तलावात एकत्र उतरले, तर मोटेलच्या व्यवस्थापकाने पाण्यात ॲसिड ओतलं. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराने एकत्र पोहू देण्यापेक्षा तलाव बंद करणं पसंत केलं, आणि 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ते चालवून घेतलं.

मराठी वाचकाला हे परकं वाटणार नाही. 1927 मध्ये महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी प्यायले, तेव्हा सनातन्यांनी पंचगव्याने तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. पाणी कुणाचं, हा वाद तिथेही शेवटी न्यायालयातच सुटला, 1937 मध्ये. महाडचं तळं निदान राहिलं. अमेरिकेतल्या अनेक गावांनी तलावच गमावला.

मग पाणी परसात शिरलं. इतिहासकार जेफ विल्टसी यांच्या हिशोबाप्रमाणे 1950 मध्ये अमेरिकेत घरगुती, जमिनीत बांधलेले तलाव जेमतेम 2,500 होते. शतक संपताना ते 40 लाखांवर गेले. याला उपनगरं, मोटारी आणि वाढते पगार कारण होतेच. पण शेजाऱ्याबरोबर पाणी वाटून घ्यायचं नाही, हेही तितकंच मोठं कारण होतं. जमिनीवरच्या तलावाने ही सोय कमी पगाराच्या घरांपर्यंत नेली. त्यात काळी कुटुंबं आली, स्थलांतरित आली, आज न्यू जर्सी आणि टेक्सासमधली मराठी कुटुंबंही आहेत. ज्यांना गावाच्या तलावाने कधी आत घेतलं नाही, त्यांनी स्वतःचा उभारला तर त्यांना बोल लावायचं कारण नाही.

घ्यायचा असेल तर आधी जागा पाहावी, तलाव नंतर. 18 फूट व्यासाच्या, 4 फूट खोल तलावात सुमारे 29,000 लिटर पाणी मावतं, म्हणजे 29 टन वजन. जमीन एका बाजूला दोन-तीन इंच उतरती असली की त्या बाजूच्या भिंतीवर जास्त दाब येतो आणि एखाद्या रात्री ती फाटू शकते. उंचवटा तासून घ्यावा. खळग्यात भर घालू नये, ती दबते. वरून विजेच्या तारा जात नाहीत ना, हे बघावं. पत्र्याची भिंत मजबूत असते पण गंजते. रेझिनची गंजत नाही पण महाग पडते. आतलं व्हिनाइलचं अस्तर काही वर्षांनी बदलावंच लागतं. खोक्यातला पंप बहुधा तोकडा असतो, तेव्हा वाळूच्या चांगल्या फिल्टरसाठी पैसे राखून ठेवावेत. नगरपालिकेचा परवाना आणि घराच्या विम्याच्या अटी खरेदीआधीच विचाराव्यात.

पण सगळ्यात जास्त लक्ष शिडीकडे आणि कुंपणाकडे द्यायला हवं. अमेरिकेत 1 ते 4 वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बुडणं हे आहे. भिंत 48 इंच उंच आहे म्हणून बाळ चढणार नाही, असं अनेक वर्षं गृहीत धरलं गेलं. जुलै 2025 मध्ये बेस्टवे, इंटेक्स आणि पॉलिग्रुप या कंपन्यांचे सुमारे 50 लाख तलाव दुरुस्तीसाठी रिकॉल झाले. खांबांच्या बाहेरून फिरणाऱ्या पट्ट्यावर पाय ठेवून लहान मूल वर चढू शकत होतं. तशा 9 मुलांचा जीव गेला होता. जुना तलाव घेत असाल तर हा पट्टा आधी तपासा. शिडी पोहणं झालं की काढून घरात ठेवायची. चारही बाजूंनी 4 फुटी कुंपण, आपोआप बंद होणारं फाटक आणि पाण्याशी एक जागं, मोबाइल बाजूला ठेवलेलं मोठं माणूस, यात तडजोड नाही.

आणि चार फूट पाण्यात मूल डुंबतं, नीट पोहायला शिकतंच असं नाही. 10 ते 14 वयाची काळी मुलं तलावात बुडण्याचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या 7.6 पट आहे, असं अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र सांगतं. ज्यांच्या आजी-आजोबांना पाण्यात उतरू दिलं नाही, त्यांच्या घरात पोहणं पिढीजात आलं नाही. ही उणीव परसातला तलाव भरून काढू शकत नाही. त्याला खोल पाणी, जीवरक्षक आणि शिकवणारी माणसं असलेला गावाचा तलावच लागतो. म्हणून तिकडच्या आपल्या मंडळींना एक विनंती आहे. परसात तलाव जरूर उभारा, पण टाउनशिपच्या सभेत सार्वजनिक तलावाच्या खर्चाचा विषय निघेल तेव्हा घरी बसू नका. जा, आणि त्याच्या बाजूने हात वर करा.