हत्याराची जागा

विद्या म्हणजे पुस्तकांतील विद्या, हा समज आपल्या समाजांत फार जुना आहे. आणि हातानें करावयाचें काम दुसऱ्यानें करावें, हा समज त्याहूनहि जुना आहे. शाळेंत सुतारकामाचा वर्ग निघाला म्हणजे पहिला समज कांहींसा ढळतो. दुसरा मात्र वर्गाच्या शेवटच्या पांच मिनिटांत उघडा पडतो. घंटा होतांच करवत मेजावर, पटाशी भुशांत आणि खिळे जमिनीवर टाकून मुलें निघून जातात. मागची आवराआवर शिपायानें करावी, असें त्यांनीं गृहीत धरलेलें असतें. आमचें मत याच्या अगदीं उलट आहे. हत्यार जागच्या जागीं ठेवणें हा कामाचाच भाग आहे, आणि तो ज्याचा त्यानेंच केला पाहिजे.

हा केवळ टापटिपीचा प्रश्न नव्हे. कानशीचे दांते कठीण असले तरी ठिसूळ असतात. एका कानशीवर दुसरी आपटली कीं ते मोडतात. पटाशीची धार त्याच ढिगांत लोळली, तर तासभर घासून आणलेलें पाणी क्षणांत उतरतें. पावसाळ्यांत घामेजल्या हाताचा ओलावा पुसून तेलाचा हात फिरविला नाहीं, तर पोलादावर गंज चढावयास फार दिवस लागत नाहींत. आणि अशा अस्ताव्यस्त खणांत न पाहतां हात घालणाऱ्याचें बोट कापलें, तर दोष कोणाचा?

खणांची रचना दिसण्यासाठीं नसून वस्तु परत ठेवण्यासाठीं असावी. रोज लागणारी हातोडी, गुण्या व पटाशा वरच्या खणांत असाव्या. जड हत्यारें खालीं, म्हणजे खण ओढतांच कपाट पुढें कलंडण्याची भीति राहत नाहीं. प्रत्येक पटाशीस लांकडी खांच असावी; मूठ आपल्याकडे, धार पलीकडे. खिळे, चुका, स्क्रू यांस निरनिराळे कप्पे करावे व प्रत्येक कप्प्याच्या दर्शनी बाजूस आंतील मालाचा एक नग अडकवावा; मग चिठ्ठी वाचण्याचीहि गरज उरत नाहीं. मात्र ‘किरकोळ’ नांवाचा खण मुळींच ठेवूं नये. आळसास तेवढी एक फट पुरते.

सारख्या दिसणाऱ्या वस्तूंविषयीं तर विशेष दक्षता पाहिजे. १८४१ सालीं जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञानें स्क्रूच्या आट्यांचें एक ठराविक प्रमाण सुचविलें. त्याच्या पाव इंची बोल्टास इंचांत २० आटे असतात व आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो. आज रूढ असलेल्या ६ मिलिमीटरच्या बोल्टाचे आटे एकेक मिलिमीटरवर असून त्यांचा कोन ६० अंशांचा असतो. जुन्या यंत्रांवर पहिला प्रकार अद्याप आढळतो. डोळ्यांस दोन्ही जवळजवळ एकच. परंतु एकाचा नट दुसऱ्यावर जबरीनें बसवावयास गेलें कीं आटे बिघडलेच. ते एका कप्प्यांत टाकणारा निघून जातो. त्याचा दंड पुढचा भरतो.

विमानांच्या दुरुस्तीच्या कारखान्यांत प्रत्येक हत्यारासाठीं खणांत त्याच्याच आकाराची पोकळी कोरलेली असते. काम संपल्यावर एक जरी पोकळी रिकामी दिसली, तरी तें हत्यार सांपडेपर्यंत विमानास उड्डाणाची परवानगी नसते; कारण इंजिनांत विसरलेला एक पाना अनेकांच्या प्राणावर बेतूं शकतो. शस्त्रक्रिया संपवितांना चिमटे व कापसाचे बोळे मोजतात तेंहि याचसाठीं. रिकामी जागा बोलली पाहिजे, हें त्यांतील मर्म होय.

कोणी म्हणेल, आमचा सुतार पिशवींत हात घालून हवें तें हत्यार न पाहतां काढतो. त्यास कप्पे कोठें आहेत? खरें आहे. परंतु ती पिशवी त्या एकट्याची असते. तिची मांडणी त्याच्या हातांस पाठ असते, आणि चुकल्यास खोळंबाहि त्याचाच होतो. शाळेचा खण सर्वांचा आहे. आपल्यामागून येणारा मुलगा आपणांस ठाऊकहि नसतो. तरी त्याचा अर्धा तास आपल्या हातीं असतो. न दिसणाऱ्या शेजाऱ्याची अशी काळजी घेणें, यासच आम्ही शिक्षण म्हणतों.

आपल्याकडील कारागीर खंडेनवमीस हत्यारें स्वच्छ करून त्यांची पूजा करितात. धर्म कोणताहि असो, त्या आचारांतील कृतज्ञता सर्वांनीं घेण्याजोगी आहे; मात्र ती वर्षांतील एका दिवसापुरती राहूं नये. पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, घरांतील हातोडी-पक्कडीचा खण लावण्याचें काम त्यांनीं मुलांकडे, आणि मुलींकडेहि, सोंपवावें. मग शाळेंत घंटा झाल्यावर त्यांचा हात आपोआप पटाशीच्या खांचेकडे वळेल, आणि शिपायाची वाट पाहण्याची त्यांस लाज वाटेल.