अकरा हजारांचा हेवा कशाला?

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या डीटीपीच्या टेबलापासून भाषाप्रेमींच्या सभांपर्यंत एक तक्रार हमखास ऐकू येते. संगणकावरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या ‘युनिकोड’ने कोरियनांच्या हंगुल लिपीला 11,172 जागा दिल्या, म्हणजे तिथल्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक. देवनागरीची मात्र मूळ 128 जागांत बोळवण केली. त्र, क्ष, ज्ञ यांना जागाच नाही. व्यंजनाचा पाय मोडून पुढचे जोडत बसायचे. ही परक्यांनी लादलेली संहिता, त्यापेक्षा आपला जुना फॉन्ट बरा!

आधी ‘लादलेली’चा समाचार घेऊ. युनिकोडमधली देवनागरी 1988 च्या ‘इस्की’ या भारतीय संहितेवर बेतलेली आहे. पाय मोडून जोडण्याची रीत इथलीच आहे.

आता आकडा. हंगुलच्या एका अक्षरात आरंभी 19 पैकी एक व्यंजन, मध्ये 21 पैकी एक स्वर आणि शेवटी 27 पैकी एखादे व्यंजन किंवा काहीच नाही. 19 × 21 × 28 म्हणजे 11,172. हिशेब इथे संपतो, म्हणून सगळ्यांना जागा देता आली. मराठीची 34 व्यंजने घ्या. दोन व्यंजनांच्या जोड्या 1,156, तिघांच्या 39,304, वर प्रत्येकीची बाराखडी. आणि ‘कार्त्स्न्य’ लिहायचे तर पाच व्यंजने एकत्र येतात. कोणी म्हणेल, लागतील तेवढीच निवडा. कोरियाने तेही करून पाहिले. तिथल्या 1987 च्या मानकात नेहमीच्या वापरातली 2,350 अक्षरेच होती; त्यापलीकडचे काही लिहायची वेळ आली की पंचाईत. 1996 मध्ये युनिकोडने सगळी अक्षरे घेतली, तेव्हा आधी दिलेले क्रमांकच हलवावे लागले. जुनी कोरियन भाषा लिहायला तर आजही सुटे वर्णच जोडावे लागतात.

तक्रारीतला एक मुद्दा मात्र मान्य: सुटे जोडत बसले की चिन्हे वाढतात. ‘छत्रपती संभाजीनगर’ ही डोळ्यांना दहा अक्षरे. संगणकात त्यांची 16 चिन्हे होतात. मधली मोकळी जागा धरली तर 70 चिन्हांच्या एसएमएसमधली 17 शहराच्या नावातच खर्ची पडतात. पण या तोट्यावर उपाय म्हणून जुना फॉन्ट कवटाळणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये ‘संभाजीनगर’ टाइप केले, तर फाइलमध्ये जातात एल, ए, एच, के, के, टी, एच, यू, एक्स, जे ही रोमन अक्षरे. फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळालाच. 2023 मध्ये शहराचे ‘औरंगाबाद’ हे नाव बदलले. ते बदलायला अशा फायलींत ‘औरंगाबाद’ हा शब्द शोधून पाहा, सापडणार नाही. दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअरही तिथे ही रोमन अक्षरेच बरळेल.

‘पण युनिकोडमध्ये जोडाक्षरे तुटतात, त्याचे काय?’ तुटतात ती सॉफ्टवेअरमुळे. पाने जुळवणाऱ्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 ची, तिला युनिकोडची देवनागरी जुळवताच येत नाही. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, तीच जोडाक्षरे मुकाट जुळतात.

भांडायचेच तर खऱ्या दुखण्यावर भांडू. ‘औरंगपुऱ्यात’ मधला मराठीचा खास अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’चा पाय मोडून, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह टाकून. दिसायला दोन्ही सारखे, पण साध्या शोधात एकाला दुसरा सापडेलच याची खात्री नाही. दुसरा प्रकार युनिकोडने जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवला आहे. तेव्हा कार्यालये, विद्यापीठ आणि वृत्तपत्रे यांनी ‘ऱ’चाच प्रकार प्रमाण मानावा, नवा मजकूर युनिकोडमध्येच स्वीकारावा आणि जुन्या फायलींचे रूपांतर हाती घ्यावे. एखादे चिन्ह खरोखर नसेल तर त्याला जागा मिळतेही. ‘ॲ’ला ती 2008 मध्ये मिळाली. वरच्या तिन्ही कामांसाठी मात्र एकही नवी जागा मागावी लागत नाही.