दगडांच्या त्या रिंगणात कोण झोपलंय?

जबलपूरच्या मराठी घरात नागपूरला जाणं ही काही सहल नसते. कुणाची आत्या तिथे, कुणाचं सासर तिथे. आमचे आजोबा तर म्हणायचे, "१९५६ पर्यंत आपली राजधानीच नागपूर होती, बरं का!" सिवनी, खवासा, देवलापार, मनसर हा रस्ता मी इतक्यांदा पाहिलाय की अर्धा प्रवास झोपेतच होतो. तुमचंही असंच होत असेल तर पुढच्या वेळी एक सकाळ राखून ठेवा आणि जुनापाणीला जा.

नागपूरच्या पश्चिमेला, काटोल रोडने निघालं की शहर विरळ होता होता जुनापाणी येतं. पहिल्यांदा बघाल तर निराश व्हाल, आधीच सांगते. कमान नाही, मूर्ती नाही. माळ, झुडपं आणि काळे दगड. मग एक दगड दिसतो, त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा, आणि लक्षात येतं की आपण एका मोठ्या रिंगणाच्या मधोमध उभे आहोत. पुढे दुसरं रिंगण, त्याच्यापुढे तिसरं. अशी सुमारे तीनशे.

ही थडगी आहेत. लोहयुगातली, साधारण अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची. माणूस गेला की त्याची हाडं, सोबत मडकी, लोखंडाची हत्यारं ठेवायची, वर माती आणि लहान दगडांचा ढीग करायचा आणि भोवती हे मोठे दगड मांडायचे. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इथे खोदून पाहिलं आणि १८७९ मध्ये त्यावर लिहिलं. पुढे १९६१-६२ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी तीन वर्तुळं शास्त्रशुद्ध पद्धतीने उघडली. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले आहेत. ते कशासाठी, यावर अजून वाद आहे. काहींनी दिशांशी संबंध लावून पाहिलाय. सकाळच्या तिरप्या उन्हात ते छान उठून दिसतात, दुपारी मात्र शोधत बसावं लागतं.

गेल्या हिवाळ्यात सात वर्षांच्या भाचीला घेऊन गेले होते. थडगं म्हटल्यावर ती घाबरेल असं वाटलं होतं. ती घाबरली नाही. तिने विचारलं, "मावशी, मेल्यावर इथे. पण हे लोक राहायचे कुठे?"

मी बी. ए. इंग्लिश. उत्तर येईना. घरी येऊन वाचत बसले.

भूमध्य समुद्रात स्पेनचं मिनोर्का नावाचं बेट आहे. तिथेही गावाकडे, शेतांच्या मधोमध, प्राचीन लोकांची दगडी थडगी आहेत. उलट्या होडीसारख्या दिसणाऱ्या एका थडग्यात शंभरएक माणसांचे अवशेष मिळाले. पण तिथे थडग्यांसोबत त्यांचे दगडी बुरूज आणि घरंही उभी आहेत. गाव कुठे, स्मशान कुठे, लहान मूलही बोट दाखवून सांगेल. २०२३ मध्ये युनेस्कोने हे सगळं जागतिक वारसा यादीत घेतलं.

आपल्याकडे मेलेल्यांसाठी दगड वापरले आणि जिवंत माणसांच्या घरांसाठी माती, लाकूड आणि गवत. म्हणून थडगी उरली, घरं विरघळली. ती शोधायची तर नांगरलेल्या शेतात खापरं आणि खांबांचे खड्डे शोधावे लागतात. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच केलं. टाकळघाटला वस्ती सापडली. पेंच नदीजवळच्या नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. म्हणजे जबलपूरहून येताना आपण ज्या पट्ट्यातून गाडी पळवतो, तिथे तेव्हा कुणीतरी भाता मारत बसलं होतं! माहुरझरीला मणी बनायचे, आणि तिथल्या एका थडग्यात घोडा मिळाला, तोंडावर तांब्याच्या पत्र्याचे दागिने घातलेला. भाचीला सगळ्यात जास्त आवडला तो घोडाच.

आता एक कबुली. कॉलेजात असताना आम्ही मैत्रिणी इथे आलो होतो. दगडांवर चढून फोटो काढले, एका रिंगणात चादर घालून पुरीभाजी खाल्ली. कुणी अडवलं नाही, कारण अडवायला कुणी नव्हतंच. आता शहर माळाला येऊन टेकलंय. विदर्भात अशा कितीतरी वर्तुळांचे दगड बांधकामाला गेले, खालचा मुरूम गेला. वर्तुळातला एक दगड हलला तरी रिंगण ओळखू येत नाही, मग उरलेले दगड उचलायला कुणाचाच हात अडखळत नाही.

जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीत जा. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर गवतात काही दिसणार नाही, आणि उन्हाळ्यात नागपूरचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. पाणी बरोबर घ्या. बूट घाला, चपला नकोत. रिंगणाबाहेरून फिरा, मुलांना दगड मोजायला सांगा. आमच्याकडे दोघींचा आकडा एकदाही जुळला नाही. वेळ उरला तर नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातही जाऊन या. १८६३ सालचं आहे ते, आणि जुनी माणसं त्याला अजून अजबबंगलाच म्हणतात.

निघताना भाचीच्या मुठीत एक लाल खडा होता. मणी होता की नुसती गारगोटी, मला कळलं नाही. "होता तिथे ठेवून ये," म्हटलं. तिने तोंड वाकडं केलं. मग परत गेली, जागा आठवत दोनदा चुकली, आणि शेवटी एका काळ्या दगडाच्या पायाशी तो ठेवून धावत गाडीत आली.