शांति, समाधान आणि सलोखा

मराठी भाषेंत शांतीस शब्दांचा तोटा मुळींच नाहीं. शांति, शांतता, सलोखा, समेट, तह, तडजोड, समाधान, स्वास्थ्य अशी माळच्या माळ ओवितां येईल. परंतु शब्द पुष्कळ असले म्हणजे ती वस्तुहि घरांत पुष्कळ असते असें नव्हे. आणि ह्या माळेंतील जो मणि आम्ही सर्वांत अधिक वापरतों, तोच आमच्या मतें सर्वांत हलका झाला आहे. तो मणि म्हणजे 'शांतता'.

शांति हा शब्द शम् धातूपासून निघाला आहे. शमणें म्हणजे निवणें, थांबणें. तहान शमते, वादळ शमतें. दिवा विझला असें न म्हणतां तो शांत झाला असें आमच्याकडील वडीलधारीं माणसें म्हणतात. नव्या घराची वास्तुशांत होते, तेथेंहि कोपलेल्यास निवविण्याचाच भाव आहे. ह्या सर्व उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे: पूर्वीं कांहीं चाललें होतें, तें आतां बंद पडलें. तें बंद पडणें योग्य होतें कीं अयोग्य, ह्याविषयीं शब्द कांहींच सांगत नाहीं. पांचवीच्या मुलास शांतता म्हणजे काय असें विचारा. 'बोलावयाचें नाहीं' असें तें तत्काळ सांगेल. त्याचा दोष नाहीं. शिक्षकांनीं छडी आपटून आणि ग्रंथालयांनीं पाट्या लावून त्यास हेंच शिकविलें आहे.

वर्तमानपत्रें तर ह्याहून पुढें गेलीं आहेत. एखाद्या गांवीं दंगा होऊन संचारबंदी लागली कीं दुसऱ्या दिवशीं 'तणावपूर्ण शांतता' असा मथळा येतो. 2009 च्या सप्टेंबरांत मिरज व सांगली ह्या शहरांनीं ती संचारबंदी पाहिली आहे. आमच्या वाचकांपैकीं अनेक पालकांस ते दिवस आठवत असतील. रस्ते निर्मनुष्य, दुकानें बंद, शेजारी शेजाऱ्याच्या खिडकीकडे संशयानें पाहात आहे, आणि ह्या स्थितीसहि भाषा शांतता म्हणते! ज्या शब्दास असें विशेषण निमूटपणें जोडून घेतां येतें, त्या शब्दाची परीक्षा एकदां केलीच पाहिजे.

आमच्या जिल्ह्याचें एक भाग्य असें कीं ही परीक्षा करण्यास दूर जावें लागत नाहीं. जत तालुक्याकडील पुष्कळ मुलें घरीं कानडी बोलतात व शाळेंत मराठी शिकतात. 'समाधान' हा शब्द दोन्हीकडे आहे. पण रडणाऱ्या नातवास कानडी आजी 'समाधान माडको' म्हणते, तेव्हां तिच्या मनांत जें असतें तें मराठींतील समाधान नव्हे. तेथें धीर आहे, सांत्वन आहे, चित्त ठिकाणावर आणणें आहे. हाच एक संस्कृत शब्द घेऊन आपण देशभर फिरलों तर मोठी मौज दिसते. हिंदी भाषेंत समाधान म्हणजे अडचणीचा उलगडा. गुजराथींत दोन भांडणाऱ्या पक्षांमधील तडजोड. तेलुगूंत प्रश्नाचें उत्तर. तमिळ व मलयाळम भाषांत तर समाधान म्हणजेच शांति, आणि त्या भाषांच्या बायबलांतहि तोच शब्द रूढ आहे. कानडी व तेलुगू बायबलांत समाधान व शांति हे दोन्ही आढळतात. मराठी भाषांतरकारांनीं मात्र शांति हाच शब्द पतकरिला.

समाधान ह्या शब्दाची फोड केली तर सम्, आ आणि धा, म्हणजे नीट एकत्र ठेवणें, सुटलेलें सांधणें. आतां मूळ हिब्रू शब्द पाहा. 'शालोम' ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ पुरें असणें, अखंड असणें असा आहे. ऋण फेडून पुरें करणें ह्या अर्थाचें क्रियापदहि त्याच धातूचें. म्हणजे ज्याचें त्यास परत मिळाल्यावांचून शालोम होत नाहीं. दक्षिणेकडील भाषांतरकारांनीं हें ताडून शब्द निवडला असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु निवड मूळ अर्थाच्या जवळ जाऊन बसली खरी. शालोमचा सख्खा भाऊ अरबी 'सलाम' आपल्या मराठींत केव्हांच आला आहे. ख्रिस्ती घरांत भेटतांना तोच शब्द उच्चारितात, आणि बायबलांतील पत्रांच्या शेवटीं निरोप सांगावयाचे तेहि सलामच. बाजारांत मात्र त्यास साहेबापुढें वांकण्याचा वास लागला, हें त्याचें दुर्दैव.

उर्दू बोलणारे आपले शेजारी ह्याबाबतींत अधिक काटेकोर आहेत. त्यांच्याकडे दंगा नसणें तें अमन, दोघांमध्यें घडवून आणावयाची ती सुलह, मनाचें स्वास्थ्य तें इत्मीनान, आणि सुखरूपपणा ती सलामती किंवा आफियत. ह्या शेवटच्या शब्दाचा प्रवास ऐकण्यासारखा आहे. अरबींत आफिया म्हणजे आरोग्य, क्षेम. तोच शब्द पश्चिम आफ्रिकेंत गेला. तेथील हौसा भाषेंत तो 'लाफिया' झाला आणि नायजेरियाच्या नैर्ऋत्येकडील योरुबा भाषेंत 'आलाफिया'. लहानपणीं गुलाम म्हणून विकले गेलेले व पुढें 1864 मध्यें बिशप झालेले सॅम्युएल अजायी क्राउदर ह्यांनीं ज्या योरुबा बायबलासाठीं श्रम केले, त्यांत शांतीसाठीं हाच शब्द आहे. योरुबा माणूस दुसऱ्यास भेटला कीं आलाफिया आहे ना, असें विचारतो. ह्या प्रश्नांत गप्प बसण्याचा संबंधच नाहीं. घरचीं माणसें धडधाकट आहेत ना, पोटभर जेवतां ना, अशी ती चौकशी आहे. आपल्या जुन्या पत्रांतहि येथील क्षेम कळवून तेथील क्षेम विचारण्याची रीत होती. पत्रें गेलीं, त्यांबरोबर ती रीतहि गेली.

तेव्हां 'शांति' टाकून 'समाधान' घ्यावें काय? तितकें सोपें नाहीं. मराठींत समाधानाचीहि धार बोथट झाली आहे. 'आहे त्यांत समाधान मान' हें वाक्य श्रीमंतास उद्देशून कोणी म्हटलेलें आमच्या ऐकिवांत नाहीं. तें सुनेस सांगतात, गड्यास सांगतात, आणि धाकट्या मुलीची शाळा सोडविली म्हणजे तिला सांगतात.

आमची निवड 'सलोखा' ह्या शब्दाकडे झुकते. सलोखा एकट्याचा होत नाहीं. त्यास दोन माणसें लागतात आणि दोघांनाहि बोलावें लागतें. महाराष्ट्र सरकारनें 2023 च्या जानेवारींत ह्याच नांवाची एक योजना काढली. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यांत व दुसऱ्याची पहिल्याच्या, अशीं प्रकरणें गांवोगांव पिढ्यान्‌पिढ्या कुजत पडतात. असा ताबा बारा वर्षे असेल तर एक हजार रुपये मुद्रांक शुल्क व एक हजार नोंदणी शुल्क घेऊन अदलाबदल कागदावर आणावी, अशी ती तजवीज होती. येथें कोणास गप्प केलेलें नाहीं. ज्याचें शेत त्याच्या नांवावर केलें आहे. 1731 चा वारणेचा तहहि ह्याच जातीचा. साताऱ्याचे शाहू महाराज व कोल्हापूरचे संभाजी महाराज ह्या चुलतभावांनीं आपापल्या मुलखाची हद्द ठरविली, आणि वारणा नदी आजहि सांगली व कोल्हापूर ह्या जिल्ह्यांमधून सीमा होऊन वाहते.

ह्याच्या उलट बाजूसहि एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यांतील माणसाचें आहे. तासगांवचे आर. आर. पाटील गृहमंत्री असतांना 15 ऑगस्ट 2007 रोजीं तंटामुक्त गांव मोहीम सुरू झाली. गांवचे तंटे गांवांतच मिटावे, कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागूं नयेत, हा हेतु उत्तमच होता, आणि पुष्कळ जुनीं भांडणें तीमुळें मिटलीं. तथापि तंटा नसणें ह्यासच बक्षीस लाविलें म्हणजे तंटा मिटविणें आणि तंटा दाबणें ह्यांतील भेद पाहण्यास फुरसत कोणास राहते? दुबळ्या पक्षास 'गांवाचें नांव जाईल' एवढें सांगितलें कीं पुरे.

शाळेंतहि नेमकें हेंच होतें, म्हणून हा विषय विद्यार्थ्यांपुढें मांडावासा वाटला. एकानें दुसऱ्याचा डबा सांडला. दुसरा रडून ओरडला. गुरुजींनीं ओरडणाऱ्यास शांत बसविलें. वर्ग शांत झाला, पण डबा रिकामाच राहिला. आमच्या मतें प्रथम विचारावयाचें तें हें कीं कोण ओरडला नव्हे, तर काय सांडलें. ज्यानें सांडलें त्यानें आपली अर्धी भाकरी पुढें करावी. मग दोघे जेवतांना कितीहि मोठ्यानें बोलोत, शेजारच्या वर्गास त्रास न झाला म्हणजे झालें. पालकांनींहि बहीणभावांच्या भांडणांत हाच प्रश्न प्रथम विचारावा. मुलगी बहुधा लवकर गप्प बसते; म्हणून तिची तक्रार मिटली असें समजूं नये.

जातां जातां पालकांस एक विनंति. आपल्या शाळेंत मराठीखेरीज कानडी, उर्दू, तेलुगू, कैकाडी, वडारी अशा भाषा घरीं बोलणारीं मुलें आहेत. रुसलेल्यास जवळ घेतांना, भांडण मिटवितांना, पाहुण्याची खुशाली विचारतांना आपल्या घरीं कोणता शब्द वापरतात, तो मुलाकडून एका कागदावर लिहवून पाठवावा. शब्द अशुद्ध किंवा गांवढळ वाटला तरी संकोच करूं नये. कागदावर शब्दाखालीं तो कोण कोणास केव्हां म्हणतें, एवढें मात्र अवश्य लिहावें.